वळवाच्या वाऱ्यात विमानतळ कसा सांभाळायचा

प्रश्न असा आहे: एप्रिल-मे महिन्यांतली वळवाची वादळं आणि त्यामागोमाग येणारा पावसाळी सोसाट्याचा वारा, या काळात विमानतळावर वाऱ्याचा धोका नेमका कसा हाताळतात? किती वाऱ्याला काय थांबवायचं, ते कोण ठरवतं आणि छोट्या विमानतळाने यातलं किमान काय करावं?

आधी एक गैरसमज दूर करू. नुसता जोराचा वारा प्रवासी विमानाला फारसं काही करत नाही. समोरून 35 नॉटचा एकसारखा वारा असेल तर उतरणाऱ्या विमानाला तो मदतच करतो. जमिनीच्या तुलनेत वेग कमी होतो, धावपट्टी कमी लागते. घात करतो तो बदलणारा वारा. दोन-तीन मिनिटांत दिशा फिरवणारा, झोतांनी येणारा, शंभर मीटर उंचीवर एक आणि जमिनीवर दुसराच असणारा. त्यामुळे विमानतळावरची सगळी व्यवस्था दोन गोष्टींभोवती उभी करावी लागते: बदल येण्याआधी कळणं, आणि तो आल्यावर काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असणं. वादळ डोक्यावर आल्यावर आकडे ठरवायला बसलं तर प्रत्येक निर्णय पाच-दहा मिनिटं उशिरा होतो, आणि वळवाचं वादळ तेवढी उसंत देत नाही. या उत्तरात वेग नॉटमध्येच दिले आहेत. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथे वाऱ्याची दोन्ही रूपं एकाच वर्षात दिसतात. तिथे 09/27 ही मुख्य धावपट्टी आणि तिला छेदणारी 14/32. हे क्रमांक म्हणजे दहाने भागलेले दिशेचे अंश: 27 म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड; 09 म्हणजे तीच पट्टी उलट दिशेने. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो, म्हणजे 27 वर उतरताना तो बहुतांशी समोरून किंवा थोडा डावीकडून लागतो. जोर असतो, पाऊसही असतो, पण दिशा बऱ्यापैकी ठरलेली. खरी कसोटी मे आणि ऑक्टोबरमध्ये. दुपारी समुद्रावरून खारा वारा चालू असतो, 27 वापरात असते, आणि त्याच वेळी ठाणे-कल्याणकडे, घाटाच्या अंगाला गडगडाटी ढग वाढत असतात. त्या ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरते आणि पूर्वेकडून विमानतळावर येते. म्हणजे पश्चिमेचा 12 नॉट वारा बघता बघता पूर्वेचा 30 नॉट होतो. 27 वर उतरणाऱ्या विमानासाठी समोरचा वारा पाठीमागून यायला लागतो. 13 मे 2024 रोजी धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला, त्याच दुपारी मुंबई विमानतळावरची उड्डाणं सुमारे 66 मिनिटं थांबली आणि 15 विमानं दुसरीकडे वळवावी लागली.

इथेच वेळेचा हिशेब मांडून ठेवावा. अशा हवेची आघाडी साधारण 25 नॉटने, म्हणजे ताशी 46 किमीने सरकली, आणि ती विमानतळापासून 20 किमीवर असताना दिसली, तर हातात 26 मिनिटं मिळतात. 35 नॉटने सरकली तर 18. मुंबईला कुलाब्याचं आणि 2022 पासून वेरावलीचं डॉप्लर रडार आहे. रडारच्या पडद्यावर ही आघाडी ढगापासून सुटलेल्या बारीक कमानीसारखी दिसते, तिच्यात पाऊस नसतो म्हणून ती पुसट असते आणि नजरेतून सुटते. ढग अजून लांब आहे म्हणून निर्धास्त राहणं हीच इथली नेहमीची चूक. ढग ठाण्यावर असतो, वारा तोवर घाटकोपरला पोचलेला असतो.

वाऱ्याचा आकडा कसा वाचायचा

वारा मोजणारा खांब 10 मीटर उंचीचा असतो. दर अर्ध्या तासाला निघणाऱ्या हवामान अहवालातला वारा हा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो, हवाई नियंत्रणाच्या टॉवरमधून उतरण्याच्या परवानगीबरोबर सांगतात तो दोन मिनिटांच्या सरासरीचा. झोत म्हणजे तीन सेकंदांच्या सरासरीतला सर्वांत मोठा आकडा, आणि अहवालात तो सरासरीपेक्षा 10 नॉटनी किंवा जास्त वर गेला तरच लिहितात. याचा अर्थ असा की 24 नॉट एवढंच लिहिलं असेल तेव्हाही 33 नॉटचा झोत येऊन गेलेला असू शकतो. एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवरच्या, लोकांना हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर ते सरासरी आकड्यावर शिडी उभी ठेवतात.

दुसरी गोष्ट दिशेची. लिखित अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, टॉवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून, कारण धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय असतो. महाराष्ट्रात या दोन उत्तरांमधला फरक इतका किरकोळ आहे की व्यवहारात तो जाणवत नाही. कॅनडा किंवा न्यूझीलंडसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी मात्र हा फरक डोक्यात ठेवावाच.

‘स्क्वॉल’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, पण त्याला व्याख्या आहे: वेग अचानक किमान 16 नॉटनी वाढून 22 नॉट किंवा त्याहून वर गेला पाहिजे आणि किमान एक मिनिट टिकला पाहिजे. झोत सेकंदांचा असतो, स्क्वॉल मिनिटांचा. स्क्वॉलचा इशारा आला की काम थांबवायचं, झोताचा आला की काम जपून करायचं, असा सरळ भेद ठेवला तर लोकांना पटकन कळतो.

मोजणारं यंत्र स्वतः किती खरं बोलतंय हे कोकणपट्टीत फार महत्त्वाचं आहे. फिरत्या वाट्यांच्या यंत्रात खाऱ्या हवेने बेअरिंग जड होतं आणि ते कमी वेग दाखवू लागतं. धोक्याच्या उलट्या बाजूची ही चूक आहे, म्हणून वाईट. दिशादर्शक पंख 10 अंशांनी सरकलेला असेल तर 25 नॉटच्या वाऱ्यात आडव्या घटकात सव्वाचार नॉटपर्यंत फरक पडतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात फिरणारे भाग नसतात, पण त्यावर पक्षी बसतात आणि मुसळधार पावसात अधूनमधून वाचन गाळलं जातं. पावसाळ्याआधीच्या तपासणीत बेअरिंग, दिशा आणि तारेचे जोड हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. खांबापासून कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब हवा. खांब उभारताना हे पाळलेलं असतं. दहा वर्षांत शेजारी झाडं वाढतात, शेड उभी राहते, आणि मग कोणी पुन्हा मोजत नाही.

विंडसॉकला, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीला, कमी लेखू नका. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो किमान 3.6 मीटर लांब, मोठ्या तोंडाशी 0.9 मीटर व्यासाचा आणि 300 मीटर उंचीवरून ओळखता यावा असा हवा. वीज गेली, संगणक बंद पडला, तरी तो खरं सांगतो. दोन टोकांचे दोन विंडसॉक वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील तर मधे कुठेतरी वाऱ्याची सीमा आहे, हे कोणत्याही अहवालाच्या आधी कळतं.

आडवा वारा

हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग गुणिले धावपट्टीशी होणाऱ्या कोनाची साइन. तोंडी लक्षात ठेवायला: 30 अंशांना निम्मा, 45 ला सत्तर टक्के, 60 ला सत्याऐंशी टक्के. 27 वर उतरताना वारा 220 अंशांवरून 25 नॉट आणि झोत 38 असेल तर कोन 50 अंश, आडवा घटक 19 नॉट आणि झोतात 29. समोरचा घटक 16. हाच वारा धावपट्टी 14 शी 80 अंशांचा कोन करतो, म्हणजे जवळपास सगळाच आडवा.

धावपट्टी बांधतानाच दिशा अशी निवडतात की किमान 95 टक्के वेळ ती वापरता यावी, आणि त्या हिशेबात मोठ्या विमानांसाठी 20 नॉट, मध्यम लांबीच्या धावपट्टीसाठी 13 आणि छोटीसाठी 10 नॉट आडवा वारा धरतात. यासाठी किमान पाच वर्षांच्या नोंदी, दिवसातून किमान आठ वेळा घेतलेल्या, वापरायच्या असतात. ज्या छोट्या विमानतळाचा आराखडा जवळच्या शहरातल्या वेधशाळेच्या नोंदींवर केलेला असतो, तिथे ही टक्केवारी कागदावरच राहण्याची शक्यता मोठी. पठारावरचा वारा आणि शहरातला वारा एक नसतो. चिपीसारख्या पठारावरच्या धावपट्टीला हे विशेष लागू: समुद्राकडून येणारा वारा पठाराच्या कडेला आपटून वर उसळतो, आणि कड्याच्या आत लगेच तो खाली ओढतो. उतरणाऱ्या विमानाला नेमक्या शेवटच्या टप्प्यात ही चढउतार मिळते.

विमानाच्या मर्यादेबद्दल: एअरबस ए-320 साठी उतरताना चाचणीत सिद्ध झालेला आडवा वारा 33 नॉट, झोतासह 38. सेसना 172 साठी 15. हे आकडे चाचणीत तेवढा वारा मिळाला आणि विमान नीट उतरलं एवढंच सांगतात. विमान कंपन्या ओल्या धावपट्टीसाठी, कमी अनुभवी वैमानिकांसाठी स्वतःचे कमी आकडे ठरवतात आणि तेच पाळायचे असतात. ओल्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्याचं संकट उतरल्यानंतर सुरू होतं. वारा शेपटीच्या उभ्या पंखाला ढकलतो, विमानाचं नाक वाऱ्याकडे वळू पाहतं, चाकांना पकड कमी, आणि नाक वळलेलं असताना रिव्हर्स थ्रस्टही (थांबवण्यासाठी इंजिनाचा उलटा जोर) विमानाला कडेला ओढतो. अशा वेळी रिव्हर्स कमी करायचा, ब्रेक सोडायचे, नाक मध्यरेषेवर आणायचं आणि मग पुन्हा थांबवायला लागायचं. वाचायला हे उलटं वाटतं, म्हणून सिम्युलेटरमध्ये ते अंगवळणी पाडतात.

पाठीमागचा वारा

आडव्या वाऱ्याची चर्चा खूप होते, पाठीमागच्या वाऱ्याची कमी. मला तो जास्त फसवा वाटतो, कारण त्यात काही जाणवत नाही. विमान स्थिर असतं, प्रवाशांना धक्के बसत नाहीत, फक्त धावपट्टी झपाट्याने संपत जाते. 140 नॉटने उतरणाऱ्या विमानाला 10 नॉट पाठीमागून मिळाला तर जमिनीवरचा वेग 150 होतो आणि थांबवायची ऊर्जा जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढते. त्यात तीच उतरंड धरायला जास्त वेगाने खाली यावं लागतं, टेकताना विमान हवेत तरंगतं, टेकण्याची जागा पुढे सरकते. बहुतेक प्रवासी विमानांची मर्यादा 10 नॉट आहे, काहींची 15.

7 ऑगस्ट 2020 रोजी कोझिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 भर पावसात धावपट्टी 10 वर उतरलं. पाठीमागून सुमारे 14 नॉट वारा होता. 2,700 मीटरच्या धावपट्टीवर ते सुरुवातीपासून सुमारे 1,350 मीटर पुढे टेकलं, टेबलटॉपच्या, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या धावपट्टीच्या, कडेवरून खाली गेलं आणि 21 जण मरण पावले. त्या अपघाताला अनेक कारणं होती, पण वाऱ्याचा धडा स्पष्ट आहे: ओली धावपट्टी, पाठीमागचा वारा आणि लांब टेकणं यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र आल्या की पुन्हा वर जायचं. तिसरीची वाट बघायची नाही.

टॉवरच्या बाजूने यात एक व्यावहारिक अडचण असते. धावपट्टी बदलणं म्हणजे रांगेतली दहा-बारा विमानं पुन्हा लावणं, आणि मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एका धावपट्टीवर तासाला चाळीसहून जास्त उड्डाणं-आगमनं होतात, तिथे बदल टाळण्याकडे कल असतो. आवाज कमी ठेवण्यासाठी एखादी दिशा पसंत करायची असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला मर्यादा घातली आहे: झोतासह आडवा वारा 15 नॉटच्या वर किंवा पाठीमागचा 5 नॉटच्या वर गेला तर ती पसंती सोडायची. वाहतूक सांभाळण्यासाठी धावपट्टी बदलायला उशीर करतानाही हीच फूटपट्टी वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रडारवर आघाडी दिसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बदल सुरू करावा. वारा फिरल्यावर बदलायला घेतलं तर शेवटची चार विमानं पाठीमागच्या वाऱ्यात उतरतात किंवा पुन्हा वर जातात, आणि रांग तशीही मोडतेच.

विंडशीअर आणि मायक्रोबर्स्ट

विंडशीअर म्हणजे थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलणं. गडगडाटी ढगातून हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. पसरण्याचा घेर 4 किमीच्या आत असेल तर तो मायक्रोबर्स्ट. आयुष्य 5 ते 15 मिनिटं, आणि सर्वांत जोरकस काळ त्यातली काही मिनिटंच. उतरणारं विमान त्यातून जाताना आधी समोरचा वारा वाढतो, वेग वाढतो, वैमानिक किंवा ऑटोथ्रस्ट (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) शक्ती कमी करतो. मग खाली ढकलणारा वारा, आणि लगेच पाठीमागून. समोरचे 15 जाऊन पाठीमागचे 15 आले तर 30 नॉट गेले, तेही 3 किमीत, म्हणजे साधारण 40 सेकंदांत, आणि इंजिन त्याच वेळी कमी शक्तीवर. सापळा पहिल्या टप्प्यातल्या त्या सुखद वाढीत आहे. उतरताना वेग कारणाशिवाय 15 नॉटने वाढला तर ती पहिली सूचना समजायची.

1975 मध्ये न्यूयॉर्कला, 1982 मध्ये न्यू ऑर्लिन्सला आणि 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस-फोर्टवर्थला अशाच हवेत मोठी विमानं पडली. शेवटच्या अपघातात 137 जण गेले. त्यानंतर अमेरिकेत विमानतळांवर खास डॉप्लर रडार आली, धावपट्टीभोवती वारा मोजणाऱ्या खांबांची जाळी सुधारली आणि विमानांत शोधयंत्रं बसवणं सक्तीचं झालं. हाँगकाँगने डोंगरांमुळे होणाऱ्या कोरड्या विंडशीअरसाठी लायडर, म्हणजे लेझरने वारा मोजणारं यंत्र, वापरायला सुरुवात केली. पाऊस नसलेल्या हवेत रडारला परतावा मिळत नाही, लायडरला धूलिकणांवरून मिळतो. मुसळधार पावसात उलट. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, एक घेतलं म्हणून दुसरं नको असं होत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा डोंगरांच्या शेजारी असलेल्या विमानतळांनी, यात नवी मुंबईही येते, हा फरक खरेदीच्या वेळीच समजून घ्यावा.

इशाऱ्याची भाषा जगभर साधारण एकच आहे. 15 नॉटपासून 30 च्या आतली घट, किंवा 15 आणि त्यावरची वाढ, म्हणजे विंडशीअर. 30 किंवा त्यावरची घट म्हणजे मायक्रोबर्स्ट. मायक्रोबर्स्टचा इशारा असताना उतरायचं किंवा उडायचं नाही, यात चर्चा नाही. विमानातल्या रडारचा इशारा उतरताना साधारण दीड आणि उडताना तीन नॉटिकल मैल आधी मिळतो. सापडलंच विमान, तर पूर्ण शक्ती, नाक वर, आणि चाकं-फ्लॅप जसे आहेत तसे. चाकं आत घ्यायला गेलं की दारं उघडून क्षणभर अवरोध वाढतो.

जिथे यातलं एकही यंत्र नाही, आणि महाराष्ट्रातले बरेच छोटे विमानतळ असेच आहेत, तिथे वैमानिकांनी सांगितलेली माहिती हेच यंत्र. ती ठरावीक साच्यात मागून घ्यावी: किती उंचीवर, किती नॉट गेले किंवा आले, कोणती धावपट्टी, किती वाजता, कोणतं विमान. ‘400 फुटांवर 15 नॉट घट’ हे पुढच्याला उपयोगी पडतं. ‘थोडं हलतंय’ याचा उपयोग नाही. आणि मागच्या विमानाने काही त्रास नाही म्हणून सांगितलं, त्याला चार मिनिटं झाली असतील तर ती माहिती शिळी.

इमारतींबद्दल थोडक्यात. धावपट्टीच्या बाजूला उभं राहिलेलं हँगर किंवा टर्मिनल वाऱ्याची सावली पाडतं आणि विमान त्या सावलीतून बाहेर येताना आडवा वारा एकदम लागतो. ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक नियमांत यासाठी 1:35 चं माप आहे: मध्यरेषेपासूनचं अंतर इमारतीच्या उंचीच्या 35 पटीपेक्षा कमी असेल तर वाऱ्याचा अभ्यास करा. 20 मीटरचं हँगर म्हणजे 700 मीटर. अडथळ्यांच्या उंचीची परवानगी मिळाली म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने सगळं ठीक असं होत नाही, त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

एप्रन, जिथे माणसं जखमी होतात

हवेतल्या विमानाची काळजी घ्यायला बरीच यंत्रणा आहे. जमिनीवर मात्र वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे बहुतेकांना आकड्यात माहीत नसतं. 40 नॉटला दर चौरस मीटरला साधारण 26 किलो, 60 नॉटला 58. रुंद विमानाच्या पोटात जाणाऱ्या रिकाम्या एलडी-3 डब्याची एक बाजू तीन चौरस मीटरच्या आसपास. 40 नॉटला त्याच्यावर 80 किलोच्या घरात रेटा बसतो, म्हणजे डब्याच्या स्वतःच्या वजनाइतका. रोलरच्या डॉलीवर (सामानाच्या ओढगाडीवर), खटका न लावता ठेवला असेल तर त्याला निघायला याच्या दशांशही पुरतो. असा डबा 20-25 किमी वेगाने इंजिनवर किंवा माणसावर जातो.

म्हणून टप्पे ठरवून ठेवायचे, आणि ते झोताच्या आकड्यावर ठरवायचे, सरासरीवर नव्हे. बहुतेक ठिकाणी पुढची चौकट चालते. यंत्राच्या किंवा विमानाच्या पुस्तकात कमी आकडा असेल तर तोच धरायचा.

25 नॉटचा अंदाज आला की मोकळं सगळं आवरायचं: कोन, रिकाम्या डॉल्या, प्लॅस्टिकचे पडदे, कचऱ्याचे डबे. डॉलीचे खटके आणि ब्रेक एकेक करून हाताने तपासायचे. विमानाला पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे. शिडीचे चारही पाय टेकलेले. 35 नॉटला उंच उचलणारी सगळी कामं बंद, म्हणजे जेवण चढवणारी उचलगाडी (हायलोडर), विमानावरचा बर्फ काढतात तिथे त्याची बकेट, शेपटीवरची दुरुस्ती. 40 नॉटला माल चढवणं थांबवायचं. ए-320 च्या मालाच्या दारांची उघडझाप करण्याची मर्यादा 40 नॉट आहे. नाक वाऱ्याकडे असेल किंवा दार वाऱ्याच्या आडोशाला असेल तर 50. आणि 65 च्या आधी दार बंदच हवं. दार अर्धवट उघडं असताना झोत आला तर बिजागरी वाकते आणि विमान दिवसभर जागेवर राहतं. 50 च्या सुमारास एरोब्रिज मागे घेऊन, चाकं वळवून, खिळीने बांधून ठेवायचे, आणि एप्रनवर माणूस नको.

एरोब्रिजचं एक लक्षात घ्या. विमान वाऱ्यात हलतं, ब्रिज हलत नाही. दार ब्रिजच्या छताखाली असताना विमान दहा सेंटिमीटर सरकलं तरी दार फाटतं. म्हणून वारा वाढताना आधी प्रवासी उतरवायचे की ब्रिज काढून प्रवासी आत ठेवायचे, हा निर्णय 35 नॉटलाच घ्यावा. 50 ला तो घेता येत नाही.

टर्मिनल आणि उभ्या विमानाच्या मधल्या बोळात वारा चेपला जातो आणि धावपट्टीवरच्या खांबापेक्षा जास्त वेगाने वाहतो. प्रत्येक पाळीच्या प्रमुखाकडे हातातलं वेगमापक असावं. ते स्वस्त असतं.

मुंबईसारख्या ठिकाणी भिंतीबाहेरची वस्तीही या हिशेबात येते. पावसाळ्याआधी छपरांवर निळी ताडपत्री चढते आणि पहिल्या वळवात ती उडून धावपट्टीवर येऊ शकते. इंजिनात गेली तर संपलंच. मे महिन्याच्या सुरुवातीला विमानतळाच्या माणसांनी आसपासच्या वस्तीत जाऊन ताडपत्री बांधायला दोरी आणि मदत देणं हे कोणत्याही यंत्राइतकंच उपयोगी काम आहे.

छोटी विमानं

शिरपूर, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षणाची विमानं उघड्यावर असतात. सेसना 172 साधारण 48 नॉटला हवेत तरंगू लागते, त्यामुळे 45 चा झोत समोरून आला तर बांधलेलं विमानही उचललं जाऊ पाहतं. तीन जागी बांधायचं, दोन्ही पंख आणि शेपूट. एका इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक खुंट्याने 1,360 किलोचा ओढा सहन करावा, अशी अमेरिकी शिफारस आहे. मातीत ठोकलेला लोखंडी गज कोरड्या मे महिन्यात घट्ट वाटतो आणि पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की उपसतो. काँक्रीटमध्ये बसवलेली कडीच हवी. दोरी नायलॉनची किंवा पॉलिस्टरची. काथ्याची नको, ती ओली झाली की आखडते आणि पंखाला खाली खेचते. दोरीत सुमारे अडीच सेंटिमीटर सैल ठेवायची: जास्त सैल ठेवली तर झोतात झटका बसतो. नाक वाऱ्याकडे, कंट्रोल लॉक (पंख-शेपटीचे हलते भाग जखडणारी खीळ) लावलेला. नुसत्या सीटबेल्टने स्टिअरिंग बांधणं मोठ्या वादळात पुरत नाही, सुकाणूला बाहेरून लॉक हवा.

टॅक्सी करताना वारा समोरून तिरका असेल तर स्टिअरिंग वाऱ्याच्या बाजूला वळवून ठेवायचं, मागून तिरका असेल तर वाऱ्यापासून दूर आणि पुढे. हे विसरल्यामुळे विमानं पंखावर कलंडतात, तेही 20-25 नॉटच्या वाऱ्यात.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी, कारण तिथे दिवसांची सूचना मिळते. 3 जून 2020 ला निसर्ग आणि 17 मे 2021 ला तौक्ते, दोन्ही वेळा मुंबई विमानतळ काही तास बंद ठेवला होता. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विमान तिथून हलवणं. 48 तास आधी छोटी विमानं आतल्या भागात, नागपूर-हैदराबादकडे पाठवायची. जी हलवता येत नाहीत ती हँगरमध्ये, आणि हँगरची दारं वादळ सहन करणारी आहेत का हे आराखड्यात बघून. उघड्यावर राहणाऱ्या मोठ्या विमानात इंधन भरून वजन वाढवायचं. इंजिनांची कापडी आवरणं पुस्तकात सांगितली असतील तशीच बांधायची, अर्धवट बांधलेलं आवरण फाटून दुसऱ्या विमानाला नुकसान करतं. ज्या दिवशी निसर्ग आलं त्याच दिवशी मुंबईत एक मालवाहू एमडी-11 उतरल्यानंतर धावपट्टीच्या पुढे गेलं. वादळाच्या आसपासची ओली, झोतांची हवाही तेवढीच सांभाळावी लागते.

कोण ठरवतं

भारतात हवामान विभाग इशारा देतो, हवाई वाहतूक नियंत्रक वारा आणि धावपट्टी सांगतो, विमानतळ चालवणारी संस्था एप्रन आणि धावपट्टी बंद करू शकते, आणि उतरायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो. पोर्तुगालच्या माडेरा बेटासारख्या काही विमानतळांवर वाऱ्याच्या बंधनकारक मर्यादा असतात, वैमानिकाची इच्छा असो वा नसो. आपल्याकडे साधारणपणे तसं नाही, म्हणून एप्रनचे टप्पे विमानतळाने, ग्राउंड हँडलिंग कंपन्यांनी आणि हवामान कार्यालयाने एकत्र बसून लेखी करावे लागतात. इशाऱ्याचा आकडा किती असावा हे हवामान कार्यालयाला सांगणं विमानतळाचं काम आहे. छोट्या विमानांच्या तळाला 20 नॉटचाच इशारा हवा असतो, मुंबईला तेवढा दिला तर पावसाळाभर इशारा चालू राहील आणि कोणी बघणार नाही. प्रत्येक इशाऱ्याला संपण्याची वेळ हवी आणि तो संपल्याचं कळवणारा ठरलेला माणूस हवा.

वादळ ओसरल्यावर धावपट्टी लगेच उघडू नका. एक गाडी पूर्ण लांबीने, दोन्ही कडांनी. उतरण्याचा योग्य उतार दाखवणाऱ्या पापी दिव्यांची पेटी वाऱ्याने किंवा उडून आलेल्या वस्तूने कलली असेल तर ती चुकीचा उतार दाखवते, आणि ते बघून उतरणाऱ्याला काहीच कळत नाही. कोन मोजून मगच चालू करायची. विंडसॉक फाटला नाही ना, कडेचे दिवे, इंस्ट्रुमेंट लँडिंगच्या अँटेनासमोर काही अडकलं नाही ना, हे बघायचं. उघड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक विमानाचे चॉक सरकलेत का ते आधी बघायचं. सरकले असतील तर विमान हललं आहे, आणि मग सुकाणू, एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) यांच्या बिजागऱ्या आणि थांबे तपासल्याशिवाय ते सोडायचं नाही.

छोट्या विमानतळाने किमान काय करावं, तर हे: चालू स्थितीतले दोन विंडसॉक, दरवर्षी एप्रिलमध्ये तपासलेलं वेगमापक, प्रत्येक उभ्या विमानासाठी काँक्रीटमधल्या तीन कड्या, वैमानिकांची माहिती लिहायची ठरलेली वही, आणि 25-35-40-50 नॉटचे टप्पे लिहिलेला कागद टॉवर, एप्रन आणि अग्निशमन दलाच्या खोलीत. त्या कागदावर प्रत्येक टप्प्यासमोर काम करणाऱ्या पदाचं नाव असावं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी एकदा घड्याळ लावून तालीम करावी. 25 नॉटच्या इशाऱ्यापासून शेवटच्या डॉलीचा खटका लागेपर्यंत 15 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर सामान कमी ठेवा किंवा माणसं वाढवा.